ऑनलाइन कॅम्पस: विद्यार्थी नेहमी विचारतात ते प्रश्न

गेली काही वर्षं मी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन कार्यक्रम भरवण्याच्या कामात आहे. सत्र सुरू होण्याआधी आणि संपल्यानंतर विद्यार्थी फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, आणि पुष्कळदा संकोचत विचारतात. हे आपल्याला ठाऊकच असायला हवं होतं, असं त्यांना वाटत असतं. पण हे कुणी शिकवलेलंच नसतं. म्हणून ती उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवते आहे. माझं एक मत आधीच सांगते, कारण पुढच्या बऱ्याच उत्तरांत ते येणार आहे: ऑनलाइन कार्यक्रमाला नुसती हजेरी लावून फारसं काही हाती लागत नाही. एक प्रश्न विचारलात, एका माणसाशी दोन वाक्यं बोललात, तर तोच तास कामी येतो.

ऑनलाइन कॅम्पस म्हणजे ऑनलाइन वर्गच ना?

वर्ग हा त्यातला एक भाग झाला. वर्गाबाहेर महाविद्यालयात जे जे घडतं, म्हणजे ग्रंथालय, मंडळं, पाहुण्यांची व्याख्यानं, नोकरीविषयक मार्गदर्शन, समुपदेशन, अभ्यासाचे गट, ते सगळं ऑनलाइन कॅम्पसमध्ये येतं.

ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात १९६० साली ‘प्लेटो’ नावाची संगणकावर शिकवण्याची यंत्रणा सुरू झाली. १९७० च्या दशकात तिच्यावर संदेशफलक होते, गप्पांची सोय होती, आणि विद्यार्थी तासन्‌तास तिथे रमत. ब्रिटनचं मुक्त विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झालं. १९७१ मध्ये तिथले पहिले विद्यार्थी टपालाने आलेली पुस्तकं, रेडिओ आणि दूरचित्रवाणी यांच्या आधारे शिकू लागले. आज अनेक महाविद्यालयं अभ्यासक्रम ऑनलाइन चालवायला वापरतात ते ‘मूडल’ हे सॉफ्टवेअर २००२ पासून आहे. तेव्हा हे सगळं २०२० मध्ये घाईघाईत उभं राहिलं, असं समजू नका. त्या वर्षी ते अचानक सगळ्यांच्या वाट्याला आलं, इतकंच.

कार्यक्रम होऊन गेल्यावरच मला कळतं. आधी कसं कळेल?

ही तक्रार सगळ्यात जास्त येते. बहुतेक वेळा कारण एकच निघतं: महाविद्यालयाने दिलेला ईमेल कुणी उघडतच नाही. सूचना तिथे येतात, आणि विद्यार्थी वाट बघतात मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये. तो ईमेल फोनमध्ये जोडून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरी गोष्ट, बहुतेक कार्यक्रमपत्रिकांना ‘सबस्क्राइब’ करण्याची सोय असते. एकदा ते केलं की नवे कार्यक्रम तुमच्या फोनच्या कॅलेंडरमध्ये आपोआप दिसू लागतात, वेळ बदलली तर तीही बदलते. आणि एकट्या आपल्या विभागावर अवलंबून राहू नका. इतिहासाच्या विद्यार्थ्याला उपयोगी पडेल असं नकाशांवरचं सत्र भूगोल विभागाने ठेवलेलं असतं, आणि आकडेवारी कशी वाचावी यावरचं उत्तम सत्र ग्रंथालयाने. बहुतेक सत्रं सर्व विभागांना खुली असतात. ‘मी दुसऱ्या विभागाचा आहे, येऊ का?’ असं विचारणाऱ्याला नाही म्हटल्याचं मला आठवत नाही.

वेळेचा घोळ होतो. दुसऱ्या देशातल्या कार्यक्रमाची वेळ कशी धरायची?

हा घोळ अनुभवी माणसांचाही होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पत्रिकेवर दिलेली वेळ कुठली आहे ते आधी पाहा. ‘यूटीसी’ लिहिलं असेल तर काम सोपं, कारण ती जागतिक प्रमाणवेळ आहे आणि वर्षभर बदलत नाही. ती आपल्या वेळेत करताना मात्र लक्षात ठेवा की सगळे फरक पूर्ण तासांचे नसतात. काही ठिकाणी अर्ध्या तासाचा हिशेब असतो, नेपाळची वेळ तर यूटीसीच्या पावणेसहा तास पुढे आहे.

खरी अडचण उन्हाळी वेळेची, म्हणजे उन्हाळ्यापुरती घड्याळं तासभर पुढे करण्याच्या पद्धतीची. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. म्हणजे मधले दोन-तीन आठवडे या दोन ठिकाणांमधला नेहमीचा फरक एका तासाने बदललेला असतो. शरद ऋतूत घड्याळं मागे येतात तेव्हा युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतो आणि अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, म्हणून तेव्हाही एक आठवडा तसाच जातो. दर आठवड्याला होणारी आंतरराष्ट्रीय सत्रं नेमकी याच दिवसांत चुकतात. कॅलेंडरचं निमंत्रण आलं असेल तर ते स्वीकारा, म्हणजे हा हिशेब फोन करतो. डोक्याने केलेली बेरीज-वजाबाकी या दिवसांत दगा देते.

स्पर्धा आणि परिषदांच्या मुदतीपुढे कधीकधी ‘एओई’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, पृथ्वीवर कुठेही ती तारीख शिल्लक असेपर्यंत मुदत आहे. हा हिशेब यूटीसीच्या १२ तास मागच्या वेळेने होतो, म्हणून आपल्याकडची तारीख उलटली तरी निबंध पाठवता येतो. आणि तुम्ही स्वतः सूचना लिहीत असाल तर ‘शुक्रवारी रात्री १२’ असं कधीही लिहू नका. निम्मे लोक ती गुरुवारची मध्यरात्र समजतात. ‘शुक्रवार, रात्री ११:५९’ लिहिलं की प्रश्न मिटतो.

नोंदणी केली, पण लिंक आली नाही.

स्पॅम पाहा. ‘प्रमोशन्स’ नावाचा कप्पा पाहा. नोंदणी करताना ईमेलचा पत्ता चुकला होता का ते आठवा. तरीही नाही सापडली तर आयोजकांना कार्यक्रमाच्या निदान दोन तास आधी लिहा. शेवटच्या पाच मिनिटांत आम्ही माइक आणि स्लाइड यांत गुंतलेलो असतो, तुमचा निरोप वाचलाच जात नाही.

कॅमेरा चालू ठेवावाच लागतो का?

मूल्यमापन असेल किंवा पाच-सहा जणांची चर्चा असेल तर शिक्षकांचा नियम पाळा. मोठ्या व्याख्यानात नाही ठेवला तरी चालतं.

कॅमेऱ्यासमोर बसून येणारा थकवा खरा आहे, तो तुमचा आळस नव्हे. स्टॅनफर्ड विद्यापीठातले प्राध्यापक जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये त्याची चार कारणं मांडली. पडद्यावरचे चेहरे खूप जवळून आणि सतत आपल्याकडे बघत असतात. आपलाच चेहरा अखंड समोर दिसत राहतो. चौकटीत राहायचं म्हणून हालचाल थांबते. आणि मान डोलावणं, नजर देणं या एरवी सहज होणाऱ्या गोष्टी मुद्दाम कराव्या लागतात. यातलं दुसरं कारण दूर करणं सगळ्यात सोपं. स्वतःचा व्हिडिओ स्वतःला न दिसेल अशी सोय बहुतेक ॲपमध्ये असते, इतरांना तुम्ही दिसत राहता. खिडकी लहान केली की चेहऱ्यांचा आकारही आवाक्यात येतो.

घर लहान आहे, मागे माणसं वावरतात, म्हणून कॅमेरा नको वाटत असेल तर पार्श्वभूमी धूसर करता येते. जुन्या फोनवर ही सोय चालत नाही. अशा वेळी नावाच्या जागी एक नीट फोटो ठेवा आणि चॅटमध्ये बोलते राहा. कॅमेरा बंद असूनही पूर्ण तास जागेपणी सहभागी झालेले विद्यार्थी आयोजकांच्या लक्षात राहतात.

मला सगळ्यांसमोर बोलायची भीती वाटते. मग कार्यक्रमाला येऊन उपयोग काय?

तुमच्यासाठीच ऑनलाइन कार्यक्रमाचा उपयोग सगळ्यात जास्त आहे, असं मी मनापासून सांगते. सभागृहात प्रश्न विचारायचा म्हणजे हात वर करायचा, माइक येईपर्यंत उभं राहायचं, शंभर माना वळताना बघायच्या. ऑनलाइन सत्रात प्रश्न टाइप करता येतो. पाठवण्याआधी दोनदा वाचता येतो, खोडता येतो. मागच्या बाकावर बसणाऱ्याचा प्रश्न पुढच्या बाकावरच्याच्या प्रश्नाइतकाच ठळक दिसतो.

एका सत्रात वक्ते पाऊण तास वेगाने बोलत होते. चॅट रिकामं होतं, आणि सगळ्यांना समजतंय असा त्यांचा समज झालेला होता. तेवढ्यात एका विद्यार्थिनीने लिहिलं, ‘तिसऱ्या स्लाइडपासून मला कळलेलं नाही.’ मिनिटभरात तिच्याखाली ‘मलाही’, ‘मलाही’ असे चौदा संदेश आले. वक्त्यांनी थांबून तिसऱ्या स्लाइडपासून पुन्हा सुरुवात केली, आणि उरलेला अर्धा तास त्या दिवसातला सर्वोत्तम ठरला. तिने काही विद्वत्तेचा प्रश्न विचारला नव्हता.

सुरुवात कशी करावी, ते सांगते. विषय माहीत असतो, तेव्हा एक प्रश्न आदल्या दिवशीच लिहून ठेवा. सत्राच्या पहिल्या निम्म्या वेळात तो टाका, कारण शेवटी प्रश्नांची रांग लागते आणि निम्मे राहून जातात. प्रश्न एकाच वाक्यात असू द्या, प्रस्तावना नको. नाव उघड करायचं नसेल तर सूत्रसंचालकाला खासगी संदेश पाठवा आणि ‘नाव न घेता वाचाल का?’ असं विचारा. बोलायचंच असेल तर ‘हात वर’चं बटण दाबा. झूमवर म्यूट असताना स्पेसबार दाबून धरला तर धरलेला असेपर्यंतच माइक चालू राहतो. वाक्य संपलं, बोट उचललं, की आवाज बंद. माइक उघडा राहण्याची धास्ती असलेल्या अनेकांना ही एवढीशी गोष्ट आधार देऊन जाते.

ब्रेकआउट रूममध्ये सगळे गप्प बसतात. तेव्हा काय करावं?

ब्रेकआउट रूम म्हणजे सत्राच्या मध्येच चर्चेसाठी केलेले छोटे गट. तिथे पहिलं वाक्य तुम्ही बोला. ‘नमस्कार, मी अमुक, दुसऱ्या वर्षाला आहे. आपल्याला दिलेला प्रश्न मी वाचून दाखवू का?’ एवढं पुरतं. कुणीतरी सुरुवात करावी याचीच सगळे वाट बघत असतात, प्रश्न मोठ्याने वाचला की बोलणं आपोआप सुरू होतं.

माझं इंटरनेट अधूनमधून तुटतं आणि डेटाही मोजकाच आहे. कार्यक्रम कसे गाठू?

आधी हिशेब समजून घ्या, म्हणजे काटकसर कुठे करायची ते कळेल. झूम कंपनी देते त्या आकड्यांनुसार नुसत्या आवाजाला सेकंदाला ६० ते ८० किलोबिट लागतात. तासाभराचे होतात साधारण २७ ते ३६ एमबी. समूहाच्या चांगल्या प्रतीच्या व्हिडिओसाठी आपल्याकडून १ मेगाबिट जातो आणि आपल्याकडे ६०० किलोबिट येतात, म्हणजे तासाला जाणारे ४५० एमबी आणि येणारे २७० एमबी. तेव्हा आपला कॅमेरा बंद केल्याने बराच खर्च वाचतो, पण सगळा नाही, कारण इतरांचे चेहरे आपल्याकडे येतच राहतात. ‘येणारा व्हिडिओ थांबवा’ अशी सोय ॲपमध्ये शोधा, किंवा वक्त्याची एकच चौकट दिसेल असं दृश्य निवडा. उरलेली बचत तिथे होते.

स्लाइड आधी मागून घ्या. स्लाइड हातात असतील तर नुसत्या आवाजावर व्याख्यान छान समजतं, ३० एमबीत तास निघतो. कित्येक मोठ्या कार्यक्रमांत फोन नंबर फिरवून ऐकण्याची सोयही असते. निमंत्रणात अगदी तळाशी ती लिहिलेली असते, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही.

वायफाय असेल तर राउटरच्या जवळ बसा. राउटर दोन नावं दाखवत असेल आणि तुम्ही त्याच खोलीत असाल तर ५ गिगाहर्ट्‌झचं जाळं घ्या, ते वेगवान असतं. मध्ये भिंती असतील तर २.४ चं घ्या, ते लांब पोचतं. रेकॉर्डिंग, ॲपचे अपडेट आणि मोठ्या फायली महाविद्यालयात किंवा सार्वजनिक ग्रंथालयात उतरवून घ्या.

आणि अडचण असेल तर ती कळवा. लॅपटॉप किंवा इंटरनेटचं उपकरण उसनं देण्याची सोय पुष्कळ महाविद्यालयांत असते. मागणारे कमी असतात, कारण मागायची लाज वाटते. त्या वस्तू त्यासाठीच घेतलेल्या असतात. तुम्ही मागितलीत तर कुणावर भार पडत नाही.

रेकॉर्डिंग नंतर पाहिलं तर चालेल ना?

आजारी असाल, नोकरी असेल, परीक्षा असेल, तर जरूर पाहा, ते त्यासाठीच असतं. पण ‘नंतर पाहू’ म्हणून बाजूला टाकलेली रेकॉर्डिंग साठत जातात आणि पाहिली जात नाहीत. पाहायचंच असेल तर त्याच आठवड्यात दिवस आणि वेळ ठरवून कॅलेंडरमध्ये लिहा. वही घेऊन बसा, थोडा वेग वाढवला तरी हरकत नाही. जो प्रश्न पडेल तो आयोजकांना कळवा, आम्ही तो वक्त्यांपर्यंत पोचवतो. रेकॉर्डिंग पाहून आलेला प्रश्न वक्त्यांना विशेष आवडतो, असा माझा अनुभव आहे.

ऑनलाइन नोकरी मेळाव्यात खरंच काही घडतं का?

घडतं, पण तयारी केलेल्यांसाठी. प्रत्यक्ष मेळाव्यात फिरता फिरता एखाद्या टेबलाशी थांबता येतं. ऑनलाइन मेळाव्यात बहुधा दहा-पंधरा मिनिटांच्या भेटी आधीच ठरवाव्या लागतात आणि त्या लवकर संपतात. नोंदणी खुली होते त्याच दिवशी तीन-चार संस्था निवडा. प्रत्येकीबद्दल असं काहीतरी वाचा की ज्यावरून प्रश्न विचारता येईल. ‘तुमच्याकडे जागा आहेत का?’ या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या संकेतस्थळावर असतं. ‘तुमच्या चमूत नवा माणूस पहिल्या तीन महिन्यांत काय करतो?’ याचं उत्तर समोरच्या माणसाकडेच मिळतं.

सीव्हीची पीडीएफ तयार ठेवा आणि फायलीच्या नावात तुमचं नाव असू द्या. भरतीवाल्यांकडे ‘रेझ्युमे फायनल २’ नावाच्या असंख्य फायली आलेल्या असतात.

महाविद्यालयाचं ऑनलाइन ग्रंथालय नेमकं कसं वापरायचं? गूगलवर तर सगळं मिळतंच.

गूगलवर शोधनिबंधाचं नाव मिळतं, आणि पुढे पैसे भरण्याचं पान लागतं. ते पान दिसलं की मागे फिरू नका, आणि पैसेही भरू नका. शक्यता अशी आहे की तुमच्या ग्रंथालयाने त्या नियतकालिकाचे पैसे आधीच भरलेले आहेत. आवाराबाहेरून वाचताना ते नियतकालिक तुम्हाला ओळखत नाही, एवढंच. ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरून लॉगिन करून आत गेलात की तोच निबंध उघडतो.

गूगल स्कॉलरच्या सेटिंग्जमध्ये ‘लायब्ररी लिंक्स’ नावाचा भाग आहे. तिथे आपल्या संस्थेचं नाव शोधून खूण करा. ग्रंथालयाने ती सोय जोडलेली असेल तर शोधाच्या निकालांशेजारीच पूर्ण मजकुराची लिंक दिसू लागते. एकदा केलं की पदवी संपेपर्यंत कामी येतं.

एखादा चांगला निबंध सापडला की त्याच्या खालचं ‘साइटेड बाय’ दाबा. त्या निबंधाचा आधार घेऊन पुढे कुणी काय लिहिलं, ते समोर येतं. शेवटची संदर्भसूची तुम्हाला मागे नेते, ही यादी पुढे नेते. या दोन वाटांनी फिरलात तर तासाभरात एखाद्या विषयाचा नकाशा डोळ्यांपुढे उभा राहतो. निबंधावर ‘१०.’ ने सुरू होणारा डीओआय क्रमांक असतो तो टिपून ठेवा. संकेतस्थळाचा पत्ता बदलला तरी तो क्रमांक बदलत नाही.

आणि ग्रंथपालांशी बोला. बहुतेक ग्रंथालयांत चॅटवर किंवा ठरवलेल्या वेळी व्हिडिओवर भेटता येतं. पूर्ण कॅम्पसवर सर्वांत कमी वापरली जाणारी आणि सर्वांत मोलाची सोय कोणती, असं मला विचाराल तर मी हीच सांगेन. तुम्ही तीन दिवस शोधत असलेली गोष्ट त्यांना अनेकदा वीस मिनिटांत सापडते, आणि ती कशी सापडली तेही ते दाखवतात. नसलेलं पुस्तक दुसऱ्या ग्रंथालयातून मागवता येतं. एखादं प्रकरणच हवं असेल तर त्याची स्कॅन केलेली प्रत येते.

ग्रंथालयाकडेही नसेल तर? कायदेशीर आणि मोफत काय आहे?

पुष्कळ आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने आपलं अभ्यास-साहित्य खुलं करणाऱ्या ओपनकोर्सवेअरची घोषणा २००१ मध्ये केली. आज तिथे अडीच हजारांहून अधिक अभ्यासक्रमांचं साहित्य खुलं आहे, टिपणांपासून प्रश्नपत्रिकांपर्यंत, आणि नोंदणीचीही गरज नाही. राइस विद्यापीठाचं ओपनस्टॅक्स २०१२ पासून पहिल्या-दुसऱ्या वर्षाची पाठ्यपुस्तकं मोफत देतं. भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र यांची तिथली पुस्तकं मी बिनदिक्कत सुचवते. मोफत वाचता येणाऱ्या खुल्या नियतकालिकांची सूची डीओएजे हे संकेतस्थळ २००३ पासून ठेवतं. भौतिकशास्त्र, गणित आणि संगणकशास्त्रातले नवे निबंध छापून येण्याआधीच ठेवणारं ‘अर्काइव्ह’ १९९१ पासून चालू आहे. त्यातले निबंध तज्ज्ञांनी तपासलेले असतीलच असं नाही, एवढं भान ठेवून ते वाचावेत. जुन्या ग्रंथांसाठी १९७१ मध्ये सुरू झालेला प्रोजेक्ट गुटेनबर्ग आहे.

ब्राउझरला ‘अनपेवॉल’ जोडा. एखाद्या निबंधाची मोफत आणि अधिकृत प्रत कुठे असेल तर पानाच्या कडेला हिरवं कुलूप दिसतं. तेही नसेल तर लेखकालाच नम्रपणे लिहा. पहिल्या पानावर ईमेल असतो, आणि आपला निबंध कुणीतरी वाचू इच्छितं याचा आनंद बहुतेक संशोधकांना होतोच.

मी पाच ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केले, एकही पूर्ण झाला नाही.

चार सोडून द्या. अपराधी वाटून घेऊ नका, कोर्सेरा आणि एडएक्स ही ऑनलाइन अभ्यासक्रमांची संकेतस्थळं २०१२ मध्ये सुरू झाल्यापासून जगभर हेच होत आलं आहे. मोफत नोंदणीत सोडून जाण्याची किंमत नसते, म्हणून नाव घालणारे खूप आणि शेवटपर्यंत पोचणारे थोडे. जो विषय याच सत्रात लागणार आहे तो ठेवा, आणि एक सोबती शोधा. दोघांनी आठवड्यातून एकदा अर्धा तास बोलायचं ठरवलं की अभ्यासक्रम पूर्ण होण्याची शक्यता कितीतरी वाढते.

प्रमाणपत्राचं म्हणाल तर, ‘या अभ्यासक्रमातून मी हे बनवलं’ असं दाखवता आलं तरच त्याला वजन येतं.

उपयोगी साधनं कोणती? याद्या वाचून गोंधळ होतो.

मीही यादी देणार नाही. संदर्भ सांभाळायला झोटेरो घ्या. ते मोफत आहे, २००६ पासून आहे, आणि ३०० एमबी साठवण फुकट मिळते. पहिल्या असाइनमेंटपासून वापरलंत तर प्रबंधाच्या वेळी संदर्भसूची हाताने लिहावी लागत नाही. आदल्या रात्री शिकायला घेतलंत तर मात्र ती तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखी गत होते. कोड लिहीत असाल तर कोड ठेवण्याचं संकेतस्थळ गिटहब, त्याचा विद्यार्थ्यांसाठीचा साधनांचा संच पाहा, विद्यार्थी असल्याचा पुरावा दिला की तो मोफत मिळतो. बाकी कुठलंही सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी महाविद्यालयाच्या संगणक विभागाला विचारा, परवाना बहुधा असतोच.

एआयला विचारून असाइनमेंट केली तर?

आधी शिक्षकांचा नियम लेखी मागा, तो प्रत्येक विषयात वेगळा असतो. नियमात बसत असेल तरी एआयने दिलेला प्रत्येक संदर्भ ग्रंथालयात उघडून पाहा. ही साधनं अस्तित्वातच नसलेले निबंध खऱ्यासारखे रचून देतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका खटल्यात वकिलांनी असेच खोटे निवाडे न्यायालयापुढे ठेवले, आणि त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला.

मला ऐकू कमी येतं, किंवा पडदा वाचता येत नाही. आयोजकांना सांगितलं तर चालेल का?

नक्की सांगा, आणि नोंदणी करतानाच सांगा. बोललेलं पडद्यावर अक्षरांत आपोआप उमटवणारी मथळापट्टी (कॅप्शन) आता बहुतेक ॲपमध्ये असते. पण ती नावं आणि पारिभाषिक शब्द हमखास चुकवते. व्याख्यान तांत्रिक असेल तर माणसाने टाइप केलेल्या मजकुराची किंवा सांकेतिक भाषेच्या दुभाष्याची व्यवस्था लागते, आणि ती उभी करायला आयोजकांना निदान आठवडाभर हवा असतो. पडदा वाचून दाखवणारं एनव्हीडीए हे विंडोजसाठीचं मोफत सॉफ्टवेअर २००६ पासून आहे. स्लाइडची फाइल आधी मागून घ्या, कारण पडद्यावर शेअर केलेलं चित्र वाचक-सॉफ्टवेअरला एरवी वाचता येत नाही.

आयोजकांनाही एक विनंती आहे. स्लाइडवर काय आहे ते तोंडाने बोला. ‘इथे बघा, हे वाढलंय’ म्हणू नका, ‘निळी रेघ चढते आहे’ म्हणा. फिक्या रंगावर फिकी अक्षरं टाळा. वेबच्या सुगम्यता नियमांत साध्या मजकुरासाठी ४.५ ला १ इतका तरी रंगभेद सांगितलेला आहे, आणि तो मोजून देणारी साधनं मोफत आहेत.

समुपदेशन ऑनलाइन घेतलं तर ते खासगी राहतं का?

समुपदेशक गोपनीयतेने बांधलेले असतात. जिवाला धोका असेल तर ती मर्यादा ओलांडावी लागते, हे ते पहिल्याच भेटीत समजावून सांगतात. तुमच्या बाजूची गोपनीयता मात्र तुम्हालाच जपावी लागते. हेडफोन लावा, घरात बोलता येत नसेल तर बाहेर मोकळ्या जागी फिरत फिरत बोला, किंवा ‘आज मला चॅटवरच बोलता येईल’ असं सांगा. तुम्ही किंवा मैत्रीण-मित्र तातडीच्या संकटात असाल तर ईमेलच्या उत्तराची वाट पाहू नका. तुमच्या भागातल्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा आणि जवळच्या माणसाला लगेच बोलवा.

लिंक खरी आहे की फसवी, कसं ओळखू?

कार्यक्रमाची लिंक उघडल्यावर महाविद्यालयाचा पासवर्ड मागितला गेला तर थांबा आणि पत्त्यातलं प्रत्येक अक्षर वाचा. शंका असेल तर लिंक न दाबता संस्थेच्या संकेतस्थळावरून स्वतः आत जा. बैठकीची लिंक खुल्या समाजमाध्यमांवर टाकू नका. २०२० मध्ये अनोळखी लोकांनी घुसून वर्ग उधळण्याचे प्रकार झाले ते बहुतांशी अशाच उघड्या लिंकमधून. आणि कुणाचाही चेहरा दिसणारा स्क्रीनशॉट विचारल्याशिवाय पुढे पाठवू नका.

आमच्या मंडळाला स्वतःच कार्यक्रम घ्यायचा आहे. कुठून सुरुवात करू?

माणसं तीन हवीत: बोलणारा, चॅट वाचणारा, आणि तांत्रिक बाजू बघणारा. एकाच माणसाने तिन्ही कामं केली की चॅट वाचलं जात नाही, आणि तुमचे लाजरे सदस्य तिथेच असतात. वक्त्यांबरोबर आदल्या दिवशी पंधरा मिनिटांची रंगीत तालीम करा, त्याच उपकरणावर आणि त्याच जागी. व्याख्यान २५ ते ३० मिनिटांचं ठेवा आणि तेवढाच वेळ प्रश्नांना द्या. पहिला प्रश्न तुमच्यापैकी कुणीतरी टाका, म्हणजे बाकीच्यांचा संकोच सुटतो. चॅट वाचणाऱ्याने प्रश्न नावासह मोठ्याने वाचावा. आपलं नाव ऐकलेला विद्यार्थी पुढच्या वेळी पुन्हा येतो.

पैसे नसतील तर जित्सी हे व्हिडिओ-बैठकीचं मोफत साधन आहे, त्यात पाहुण्यांना खातं उघडावं लागत नाही. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात २००७ साली सुरू झालेलं बिगब्लूबटन खास शिकवण्यासाठी बनवलेलं आहे, आणि मूडलशी जोडता येतं. कुलूप, प्रतीक्षाकक्ष आणि कुणालाही म्यूट करण्याचं बटण कुठे आहे, ते तालमीतच बघून ठेवा.

किती लोक आले यावरून नाउमेद होऊ नका. बारा जण आले आणि त्यातले नऊ जण बोलले, असे माझे काही कार्यक्रम मला अजून आठवतात.

वक्त्यांना नंतर ईमेल करावा का? त्यांना त्रास होईल असं वाटतं.

करा, चोवीस तासांच्या आत करा, म्हणजे त्यांना कार्यक्रम आठवत असतो. पाच ओळी पुरतात. विद्यार्थ्यांनी काय लिहावं असं विचारलं की मी हा नमुना देते:

‘आदरणीय महोदया, काल आपलं व्याख्यान ऐकलं. मी दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. नमुना लहान असताना सरासरी फसवी ठरते, हे आपण उदाहरणाने सांगितलंत, त्यामुळे माझ्या प्रकल्पातली चूक मला दिसली. त्याबद्दल एक प्रश्न आहे: बावीस जणांच्या सर्वेक्षणात मी मध्यक वापरावा का? सवडीने एका ओळीत सांगितलंत तरी पुरेल.’

या पत्राला उत्तर आलं नाही तर दहा दिवसांनी एकदा आठवण करा, त्यानंतर थांबा.